तेरवीत फिरलेल्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात गावातल्या एका तेरवीला गेलो होतो. गेलेला पोरगा २४ वर्षांचा. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावत होता, धावता धावता कोसळला तो उठलाच नाही. पंगत उठेपर्यंत तिघांनी मला एकच मेसेज दाखवला: 'कोरोनाची लस घेतलेली तरणी माणसं पटापट मरत आहेत. आधी असं कधी होत नव्हतं. डॉक्टर लपवतात. वाचायचं असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू करा.' मी १५ वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेवक आहे. या गावात घरोघरी फिरून लोकांना लसीसाठी आम्हीच आणलं. म्हणून उत्तरही मीच दिलं पाहिजे.

'मेलेल्या सगळ्यांनी लस घेतली होती.' घेतली होती. त्या पंगतीत जेवणाऱ्यांनीही घेतली होती. गावातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाला डोस मिळाला, मग कुणी कशानेही गेला तरी तो लस घेतलेलाच निघणार. गेलेल्यांची जित्यांशी तुलना केली तरच काही कळतं, आणि ती आयसीएमआर या देशाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने केली आहे. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक गेलेले १८ ते ४५ वयाचे ७२९ जण एका बाजूला, त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच वस्तीतले २,९१६ जण दुसऱ्या बाजूला. लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो जवळपास निम्मा होता. धोका वाढलेला दिसला तो कोरोनाने दवाखान्यात भरती झालेल्यांत, घराण्यात आधी कुणी असंच अचानक गेलेलं असेल त्यांच्यात, आणि मरणाआधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू, नशा किंवा जिवापाड अंगमेहनत केलेल्यांत.

कोव्हिशिल्डमुळे अगदी क्वचित कुणाला रक्ताच्या गाठी झाल्या, हे खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण त्या गाठी डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतात. २०२१ मधला डोस आज, इतक्या वर्षांनी, धावत्या पोराला पाडत नाही.

'आधी असं होत नव्हतं.' होत होतं. आपण 'हार्टफेल झाला', 'झोपेतच गेला', 'बाहेरचं झालं' म्हणायचो आणि विषय संपायचा. नोकरीच्या तिसऱ्या पावसाळ्यात मला पहाटे चार वाजता एका मजुराच्या घरी बोलावलं. खाली गोधडीवर झोपलेला, पोटात कळ आली म्हणून उठला. घरच्यांना वाटलं गॅस झाला, त्यांनी ओवा दिला. मी पोहोचलो तेव्हा त्याला पापण्या उघडता येत नव्हत्या, जीभ जड झाली होती. टॉर्च लावून पायापासून मानेपर्यंत पाहिलं, कुठे सूज नाही, दाताची खूण नाही. मण्यार चावली की बरेचदा असंच असतं, झोपलेल्याला कळतही नाही. त्याचा श्वास वाटेतच थांबला. दुसऱ्या दिवशी कुडाच्या भिंतीतून साप निघाला. तो निघाला नसता तर तोही 'झोपेतच गेला'. साधी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असती, तर तो आज वावरात असता.

मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो आणि दुपारी वावरात माणूस पडतो, तो उष्माघात. छातीत जळजळ होते म्हणून सोडा पिऊन झोपलेला पन्नाशीचा माणूस सकाळी उठत नाही, तो बहुतेक वेळा हृदयविकाराचा झटका. अशा कित्येकांच्या खिशात खर्र्याची पन्नी सापडते. पानठेल्यावर घोटलेली ती सुपारी-तंबाखू दिवसाला पाच-सहा वेळा तोंडात जाते आणि बीपी एकदाही मोजलेलं नसतं.

'डॉक्टर लपवतात.' या एका मुद्द्यावर मला वाईट वाटतं. शवविच्छेदनाचं नाव काढलं की आपणच हात जोडतो, चिरफाड नको म्हणतो. बाप रडत असतो, कुणाची जीभ रेटत नाही. मग कागदावर 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहिलं जातं. ती तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते. कारण कुणी दडवलेलं नसतं, ते कुणी शोधलेलंच नसतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं एका वाक्यात सांगतो: डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावोगावच्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा पहिला नंबर पक्षाघाताचा निघाला. वाढलेल्या बीपीने मेंदूत रक्तस्राव झाला आणि वर ही गोळी पोटात असली, तर रक्त थांबणं आणखी कठीण.

त्या पोराचा धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे, तोही भरतीची तयारी करतो. तेरवीत त्यांची आई बोलता बोलता म्हणाली, यांचा काकाही तिशीत असाच बसल्या जागी गेला होता. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आजार घराण्यात चालत येतो, आणि टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तो दिसतो. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, 'बाबू, सोमवारी माझ्यासोबत चल, ईसीजी आणि इको करून घेऊ. तोवर धावू नको.' तो हो म्हणाला. दोन सोमवार गेले, तो आला नाही. पहाटे रस्त्यावर मात्र दिसतो.