काखेत सोडा-लिंबू: त्या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

ऊन तापायला लागलं की बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. यंदाही आला. त्याचं म्हणणं असं: बाजारच्या डिओत ॲल्युमिनियम असतं, त्याने घामाची छिद्रं बुजतात, अंगातलं विष आतच कोंडतं आणि बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो. म्हणून खायचा सोडा, कॉर्नफ्लॉवर, खोबरेल तेल, लिंबाचा रस आणि तुरटीची पूड एकत्र कालवून डबीत भरा. आजीचा नुस्खा, शंभर टक्के नैसर्गिक! आणि शेवटी ठळक अक्षरात: सुरुवातीला पुरळ आलं, आग झाली तरी थांबवू नका, ते विष बाहेर पडतंय.

घरी काही करून पाहायला माझी ना नाही. निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईने महागाचा स्प्रे कशाला घ्यावा? पण सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं.

शेजारच्या पोरीने परवा हात वर करून दाखवला. काखेत मधोमध लालभडक चट्टा, कडेने कातडी सोललेली, कुर्त्याची शिवण घासली की डोळ्यांत पाणी. ‘काकू, आग तं लय होऊन राह्यली, पण त्याच्यात लिवून हाये ना, घाण निंगून राह्यली म्हनून.’ घाण कसली, सोड्याने कातडी भाजली होती. आपल्या कातडीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. सामूच्या पट्टीवर एक घर म्हणजे दहापट, तीन घरं म्हणजे हजारपट फरक. काखेची नाजूक कातडी, त्यात घाम, घर्षण आणि रोज नवा थर. पुरळ आलं नाही तरच नवल. ज्या दिवशी आग झाली त्या दिवशी लावणं बंद करायचं. मेसेज नेमकं उलटं सांगतो, आणि माणूस ते दुखणं आनंदाने सोसतो.

बरं, ‘घामावाटे विष बाहेर पडतं’ हे तरी खरं का? घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ. त्याचं काम अंग थंड ठेवणं. नको ते पदार्थ बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडाचं. आपल्या भागात ही समजूत जिवावर बेतू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. घाम गाळल्याने फवारणीचं औषध अंगातून निघून जात नाही. उलट घामाने ओल्या झालेल्या कातडीतून ते जास्त आत शिरतं, आणि काख, जांघ इथून तर हातापायापेक्षा कितीतरी जास्त. फवारणीहून आलेल्या माणसाला ‘घाम येऊ दे, निघून जाईन’ म्हणणारे आजही आहेत. त्याला आधी साबणाने आंघोळ घालायची, कपडे वेगळे धुवायचे, आणि मळमळ किंवा चक्कर असेल तर सरळ दवाखाना.

आता कॅन्सर. अमेरिकेत सिएटलच्या भागात स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांना विचारून केलेला अभ्यास २००२ मध्ये छापून आला. डिओ किंवा घाम रोखणारं औषध वापरण्याशी कॅन्सरचा संबंध त्यात सापडला नाही. ज्यांची मूत्रपिंडं फारच कमजोर आहेत त्यांनी ॲल्युमिनियमवाल्या औषधाबद्दल डॉक्टरला विचारावं, एवढी सूचना मात्र रास्त आहे. शिवाय दुकानात ‘डिओ’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्प्रेंमध्ये ॲल्युमिनियम नसतंच, नुसतं अत्तर आणि अल्कोहोल असतं. घाम रोखणारं औषध वेगळं, बहुतेक रोल-ऑनमध्ये येतं.

आणि गंमत पाहा. ॲल्युमिनियमला घाबरून ज्याने हा मेसेज लिहिला, त्याने त्यातच तुरटी घातली! तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. न्हाव्याकडचा तो पांढरा खडा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. त्याने काही बिघडत नाही, पण मग भीती कशाची दाखवता? बरं, तीच तुरटी सोड्यात कालवली की दोघांची आपसात क्रिया होते. लिंबाचंही तेच. रस पडला की डबीत फेस येतो, ‘औषध कामाला लागलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात लिंबाचा आंबटपणा आणि सोडा एकमेकांना खाऊन टाकतात. राहिलेल्या रसाच्या पाण्याने डबी खराब होते ती वेगळीच. नुसतं लिंबू काखेत चोळून उन्हात जाणंही नको. लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडीवर फोड आणि काळे डाग येतात.

खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे या कृतीतलं घट्ट मलम कुठून राहणार? सोडा तेलात विरघळत नाही, तो तळाशी बसतो. वर वर तेल, खाली कच्चा सोडा. डबी संपत आली की बोटाला नुसता सोडाच लागतो, आणि तेलाचे डाग ब्लाऊजवर कायमचे.

‘आजीचा नुस्खा’ म्हणाल तर आमच्या आजीने खायचा सोडा भज्यांत घातला, काखेत नाही. ती बेसन लावायची. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक असतं तर बिब्बा अंगाला उतला नसता. बिब्ब्याइतकं नैसर्गिक आपल्या रानात दुसरं काय आहे?

‘डिओने काख काळी होते, याने गोरी होते’ ही मेसेजची पुरवणी. काखेसोबत मानही काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल तर साखर तपासून घ्या. मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराची ती खूण असू शकते. आणि गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा असेल तर ते गजकर्ण. मेडिकलमधून ‘मिक्स’ ट्यूब आणू नका, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज थांबते आणि गजकर्ण पसरतं.

मग करायचं काय? ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू तो खातात तेव्हा वास सुटतो. म्हणून जिवाणू कमी करणं आणि काख कोरडी ठेवणं, एवढंच हाती असतं. शेतातून आल्यावर साबणाने धुणं, नीट पुसणं, केस बारीक ठेवणं, सुती कपडा घालणं आणि तो रोज धुऊन उन्हात वाळवणं. नायलॉन-पॉलिस्टरच्या कपड्यात वास धरून राहतो, तो कितीही अत्तर मारलं तरी जात नाही. यावरही काही लावायचंच असेल तर आंघोळीनंतर तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवा आणि वाळू द्या. खडा किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो आणि कित्येक महिने पुरतो. घाम त्याने थांबणार नाही, वास बराच कमी होईल. केस काढल्या काढल्या मात्र लावू नका, सणसणून झोंबते. एक रात्र जाऊ द्या.