युद्ध विचारू नका, झोप विचारा

२६ जुलैला कारगिल विजय दिवसाचे कार्यक्रम होतात. माजी सैनिकाला शाल-श्रीफळ देतात, हातात माईक देतात आणि म्हणतात, "साहेब, तो प्रसंग सांगा ना." भावना चांगली असते. पण ज्याची जखम अजून ओली आहे त्याला ही फर्माईश फार जड जाते. लोक टाळ्या वाजवून घरी जातात, आणि तो प्रसंग रात्री त्याच्या उशाशी येऊन बसतो.

आता माजी सैनिकांच्या मदतीला माजी सैनिकच स्वयंसेवक म्हणून उभे राहतायत. याची फार गरज होती. त्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: युद्ध विचारू नका, झोप विचारा.

सगळं एकदा बोलून टाकलं की मन मोकळं होतं, असं आपण मानतो. आघाताच्या बाबतीत ते खरं नाही. एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. आठवणींवर काम करणारे उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात, पण ते प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ करतात. साधारण ८ ते १५ बैठका लागतात आणि प्रत्येक बैठकीत रुग्णाला सावरूनच घरी पाठवतात. आपण चहाच्या टपरीवर तेच उघडून बसलो तर मिटवणार कोण?

झोपेबद्दल बोलायला मात्र कुणालाच लाज वाटत नाही. फौजेत वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांवर ठरते, आणि त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाच्या प्रकृतीचं. ते घसरलं की बढती आणि पोस्टिंग दोन्ही अडतात. पंधरा-सतरा वर्षं जो हे जपत आला, तो निवृत्तीनंतर "मला मनाचा त्रास आहे" असं सहजासहजी म्हणणार नाही. "झोप लागत नाही" एवढं म्हणेल.

मग पुढचं हळूहळू विचारायचं. किती वाजता पडता, किती वेळा जाग येते? झोपेत ओरडता का, हात-पाय झाडता का? वहिनी वेगळ्या खोलीत झोपतात का? रात्री उठून कडी-कुलूप किती वेळा बघता? झोपायला दारू लागते का, किती? एवढ्या उत्तरांतून दुःस्वप्नं, सततची सावधगिरी, व्यसन आणि घरातला ताण, सगळं दिसतं. हा त्रास महिन्याहून जास्त चालला असेल आणि तो गर्दी, लग्नं, जुने मित्र टाळायला लागला असेल, तर डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली.

वहिनींना एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी. तो झोपेत ओरडत असेल तर अंगाला हात लावून हलवू नका. जाग येताना त्याचा हात आधी चालतो आणि भान नंतर येतं. पलंगाच्या पायाकडच्या बाजूला, दोन पावलं लांब उभं राहून नावाने हाक मारा, दिवा लावा, "तुम्ही सिन्नरला आहात, घरी आहात" असं सांगा. नंतर ४ आकडे मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं पाच मिनिटं.

दारूबाबत आपले लोक घाईने मोठी चूक करतात: आजपासून बंद, म्हणून शपथ घालतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी तर दारूबरोबर अजिबात नको, श्वास मंदावतो.

नोकरीही बघा. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि आपल्या नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत सिक्युरिटीत लागतो, बहुतेक वेळा रात्रपाळीला. ज्याची झोप आधीच मोडली आहे त्याला रात्रभर एकट्याने गेटवर बसवणं म्हणजे आजाराला खतपाणी. दिवसपाळी मिळवून देणं ही स्वयंसेवकाला करता येण्यासारखी खरी मदत आहे.

नाशिकजवळच्या आपल्या देवळालीचं नाव इंग्रजीत ‘डूलॅली’ होऊन बसलंय, डोकं फिरलेल्या माणसासाठी. मुदत संपलेले गोरे सोजीर जहाजाची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. हातात काम नाही, घर लांब. त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणायचे. त्यातला टॅप म्हणजे आपला तापच. काम संपलेला आणि दिवसाला आकार नसलेला सैनिक कसा खचतो, हे आपल्या गावाच्या नावातच नोंदलं गेलंय. म्हणून भेटीची वेळ ठरलेली हवी: दर मंगळवारी सकाळी सात, अर्धा तास चालणं. "कधीही फोन करा" या वाक्याचा उपयोग होत नाही, तो करत नाही.

देवळालीच्या आसपास राहणाऱ्यांना तोफांच्या सरावाचे आवाजही ऐकू येतात. आवाजापेक्षा अचानकपणाचा त्रास जास्त होतो. सराव, दिवाळी, गणपतीचा डीजे यांची आगाऊ कल्पना द्या.

फौजेत ‘बडी’, म्हणजे सोबतीचा जोडीदार असतो, तीच जोडी इथे चालते, फक्त हुद्दा बघून लावा. शिपायासमोर सुभेदार साहेब बसवले तर तो "सब ठीक है साहब" म्हणून मोकळा होतो. एका स्वयंसेवकाकडे तिघांपेक्षा जास्त नावं नकोत. उसने पैसे नाहीत, एकत्र पिणं नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचं नाव नाही. "कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. जिवाचा प्रश्न आला तर सांगावं लागेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

तो पहिल्यांदा येतो बहुधा कागदासाठी: स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवरचा हयातीचा दाखला, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं (ईसीएचएस) कार्ड, अभिलेख कार्यालयाचं पत्र. ते काम मनापासून करून द्या, विश्वास तिथे बसतो. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराचं रेफरल मिळतं, आणि कार्डावर पत्नीचं नाव असेल तर तिलाही. पहिल्या वेळी सोबत जा. तिथे दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. "फरक नाही" म्हणून तो दुसऱ्या आठवड्यात सोडतो, तिथे तुमचा फोन हवा.

आत्महत्येबद्दल स्पष्ट विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर कसा, कधी, साधन जवळ आहे का, तेही विचारा. आपल्याकडे दोन साधनं घरातच असतात. बँकेच्या गार्डची नोकरी करणाऱ्याची परवान्याची बारा बोअर, आणि द्राक्षबागेची औषधं. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. त्याला एकटं सोडू नका, सिव्हिलला न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, म्हणून केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

स्वयंसेवकांची दर पंधरा दिवसांनी तज्ज्ञासोबत बैठक हवीच, आणि तिथेही पहिला प्रश्न झोपेचा. ज्याची स्वतःची झोप सलग दोन आठवडे मोडली असेल, त्याच्याकडची नावं दुसऱ्याकडे द्यायची आणि त्याच्यासाठी एक मंगळवार ठरवायचा, सकाळी सात.