आधी लगीन वजनकाट्याचे

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये तुमचे घर असेल, घरात १७ वर्षांची कन्या असेल आणि ती अलीकडे फोनकडे पाहून स्वतःशीच हसू लागली असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. या वयात अमेरिकेत हे होतच असते आणि त्यावर आपल्याकडे हुकमी उपाय आहे. तानाजीने कोंढाण्याला दिला तो मान तुम्ही वजनकाट्याला द्यावा, म्हणजे रायबाचा विषय आपोआप मागे पडतो.

वजनकाटा तुमच्या घरी असणारच. तो मुलीसाठी नव्हे, भारतवारीच्या बॅगांसाठी आणलेला असतो. आधी बॅग उचलून काट्यावर उभे राहायचे, मग नुसतेच उभे राहून वजाबाकी करायची आणि २३ किलोंच्या वर गेले की भाजणीची एक पिशवी काढून ठेवायची, हे शास्त्र तुम्हाला अवगत आहे. तेच मुलीला लावावे. योगायोगाने आकडाही तोच आहे. अमेरिकेत प्रौढांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ वर गेला की वजन जास्त समजतात. परंतु आपल्या लोकांना मधुमेह त्याआधीच गाठतो, म्हणून भारतीयांसाठी ही रेषा २३ वर ओढली जाते, आणि अमेरिकन डायबिटीस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या प्रौढांच्या तपासणीसाठी हाच आकडा धरला आहे. हा आकडा तोंडपाठ असावा. त्यातला ‘प्रौढ’ हा शब्द तेवढा गाळावा, आणि मधुमेहाचाही उल्लेख टाळावा, कारण मग विषय आरोग्याकडे वळतो आणि मूळ मुद्दा, म्हणजे लोक काय म्हणतील हा, बाजूला राहतो.

मुलांच्या डॉक्टरीणबाई वीस वर्षांखालच्यांसाठी वेगळा तक्ता वापरतात, त्यात वयानुसार तुलना होते, आणि त्या तक्त्याप्रमाणे तुमची मुलगी ठणठणीत आहे असे त्या सांगतील. तेथे मान डोलवावी आणि गाडीत बसल्यावर ‘या लोकांना काय कळते’ असे म्हणावे. घरात जो खरोखरच प्रौढ आहे, ज्याचे पोट जेवणाच्या टेबलाला टेकते आणि ज्याच्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात असतात, त्याला श्रीखंड वाढताना मात्र २३ ची आठवण काढू नये. (बॉडी मास इंडेक्सचे सूत्र ज्याने १८३०च्या दशकात मांडले, त्या बेल्जियमच्या अडॉल्फ केतले याला लोकसमूहाची सरासरी काढायची होती. त्याला गणेशोत्सवाच्या नाचात कोणाला मागच्या रांगेत उभे करायचे ते ठरवायचे नव्हते.)

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कन्या रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षे गेली, तरी तिला देवनागरी नीट वाचता येत नाही, त्यामुळे हा लेख तिच्या हाती पडण्याची भीती नाही. ‘जिव्हाळा’ तिला ठाऊक नाही, ‘कौतुक’ ऐकून ती गोंधळते. पण ‘जाड’, ‘सुटलीस’ आणि ‘खात्यापित्या घरची’ हे शब्द तिला उत्तम कळतात. ‘तब्येत सुधारली हो’ असे मावशी पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा तिने शब्दशः अर्थ घेऊन मावशीचे आभार मानले होते. आता मानत नाही. मातृभाषेचे संस्कार होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

उन्हाळ्यात एडिसनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात; ही वेळ आजीच्या फोनसाठी राखावी. ‘कॅमेरा जरा लांब धर, पूर्ण दिसू दे’ असे आजी म्हणेल आणि पूर्ण दिसल्यावर गप्प होईल. पुढच्याच मिनिटाला ती ‘पोळीवर तूप घेतेस ना गं, बाळा?’ असे विचारील. या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा हे मुलीने विचारल्यास, आजी प्रेमाने बोलते, असे सांगून फोन ठेवावा.

आता त्या मुलाकडे वळू. तो कॅल्क्युलसच्या वर्गातला असेल, त्याने तिला प्रॉमला, म्हणजे शाळा संपताना होणाऱ्या नाचाच्या समारंभाला, चलतेस का असे विचारले असेल. आडनाव काय, आईवडील काय करतात, हे प्रश्न रीतीचे आहेत, ते विचारून घ्यावेत. पण त्यांनी प्रेम मोडत नाही, उलट पक्के होते. खरा गुणकारी प्रश्न एकच आहे: ‘त्याला तुझ्यात काय दिसले?’ हा रागाने विचारू नये. चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य ठेवून, भाजी निवडता निवडता विचारावा, म्हणजे तो तिच्या मनात तुमच्या हयातीनंतरही टिकतो. प्रेमात माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढते, असे आपलीच भाषा म्हणते. तेही चढू देऊ नये.

त्यानंतर वाटाघाट करावी. बारा पौंड उतरले तर प्रॉम, असा करार सर्वांना सोयीचा पडतो. तिने कुरकुर केल्यास तुमच्या ग्रीन कार्डाची गोष्ट सांगावी: एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, म्हणून तुम्ही किती वर्षे रांगेत काढली आणि कधी तक्रार केली नाही. ज्या घरात नंबर लागेपर्यंत थांबणे हाच सद्गुण आहे, त्या घरातल्या मुलीला आपल्याच शरीराचा नंबर लागेपर्यंत थांबायला काय होते? तिच्या उशाशी हल्ली ज्या प्रेमकथा असतात त्या मात्र उचलून ठेवाव्यात. त्यांतली जाड नायिका शेवटच्या पानापर्यंत जाडच राहते आणि तरीही मुलगा तिच्याबरोबर नाचतो, म्हणजे लेखिकेला कथानक पुरते जमलेले नाही.

राहता राहिला ब्लाऊज. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे दर दोन वर्षांनी भरणारे अधिवेशन जवळ आले की पुण्याच्या शिंप्याला मापे पाठवावी लागतात. ती पाठवताना छातीत आणि दंडात दोन-दोन इंच कमी लिहावेत, म्हणजे मुलीसमोर ध्येय राहते. अडचण एवढीच, की जुने शिंपी ऐकत नाहीत. कोणी न सांगता ते शिवणीच्या आत भरपूर माया ठेवतात. ती कोठे आहे हे तिला दाखवू नये आणि छोटी कात्री आपल्या कपाटात ठेवावी. तरीही एखाद्या रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत असेल आणि दाराआडून टाके उसवल्याचा बारीक आवाज येत असेल, तर आत जाऊ नये. बाहेरूनच ‘जेवलीस का?’ एवढे विचारावे.