‘हिमयुगानंतरही झाडं वर चढलीच होती ना?’

भाचीनं शाळेच्या प्रकल्पात एक फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवलाय, म्हणून लिहिणं भाग आहे. त्यातला दावा असा: हिमयुग संपलं तेव्हा गाड्या नव्हत्या, तरी पृथ्वी तापली, तेव्हा आल्प्समधलं जंगल आजच्यापेक्षा उंचावर होतं, आणि उष्णता वाढली की झाडं आपली वर सरकतात. सबब काळजी नको!

गाड्या नव्हत्या, कबूल. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल बदलत गेला, उत्तरेकडचे उन्हाळे कडक झाले, बर्फ वितळू लागलं. पुढे समुद्रातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडनं तापमान आणखी चढवलं. त्याचं प्रमाण सुमारे १९० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख रेणूंमागे किती, ते माप) २६०च्या पुढे गेलं. आज ते ४२०च्या वर आहे. वायू तोच, सोडणारे आपण.

आल्प्सचं अर्धं खरं आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिथली वृक्षरेषा, म्हणजे डोंगरावर झाडं जिथवर वाढतात ती हद्द, खरोखरच वर होती. तळ्यांच्या गाळातले परागकण तसं सांगतात. पण पुढे माणसांनी गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडून ती रेषा खाली आणली, हे फॉरवर्डमध्ये कुठंय? कुऱ्हाडीनं ठरलेल्या रेषेवरून आजचं तापमान कसं मोजणार?

आणि ते ‘वर सरकतात’! हिमयुगाच्या ऐन थंडीपासून पृथ्वी ५ ते ७ अंशांनी तापली, त्याला सुमारे १०,००० वर्षं लागली. आता दीडशे वर्षांतच एक अंश ओलांडलाय. एका अंशामागे साधारण दीडशे मीटर चढायचं, तेही बी पडून, रुजून, झाड होऊन, पुन्हा बी धरून. २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत युरोपातल्या ३०२ शिखरांच्या १४५ वर्षांच्या नोंदी आल्या. २००७ ते २०१६ या दशकात शिखरांवर नव्या जातींची भर पडण्याचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या पाचपट होता. लगेच कुणी म्हणेल, बघा, शिखरं हिरवी झाली! अहो, आलेल्या जाती खालच्या उतारांवरच्या आहेत, त्यातल्या बऱ्याच जास्त उंच वाढणाऱ्या. त्यांच्या सावलीत सापडलेल्या शिखरावरच्या बुटक्या वनस्पतींनी कुठं सरकायचं?

सरकायला जागा नसली की काय होतं, तेही हिमयुगांनीच दाखवलंय. थंडीत दक्षिणेकडे हटणाऱ्या युरोपातल्या झाडांना आल्प्स आणि पिरिनीज हे पर्वत आडवे आले. मॅग्नोलिया आणि ट्यूलिप वृक्ष उत्तर अमेरिकेत टिकले, पूर्व आशियात टिकले. युरोपातल्या रानांतून ते कायमचे गेले.