सर्व्हर हळू सुरू होतो म्हणून आयपीएमआयचा ड्रायव्हर बंद करायचा?

लिनक्स सर्व्हर सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागत असतील तर आयपीएमआयचे (सर्व्हरच्या हार्डवेअरची देखरेख करण्याच्या मानकाचे) ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते लोड होऊ देऊ नका. हार्डवेअरवर नजर ठेवणारे हे ड्रायव्हर कुणालाच लागत नाहीत, दोन ओळी लिहिल्या की झालं, आणि बिघडत काहीच नाही. हा सल्ला सध्या खूप फिरतोय. तो पूर्ण खोटा नाही. पण जसा सांगितला जातो तसा पाळला तर नुकसान होऊ शकतं.

आधी, वेळ ड्रायव्हरच खातो हे कशावरून? यूईएफआय (नव्या पद्धतीचं बूट फर्मवेअर) असलेल्या मशीनवर ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ ही बूटचा वेळ मोजणारी कमांड चालवली की फर्मवेअर (मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर), बूटलोडर (लिनक्सला मेमरीत आणणारा), कर्नेल (लिनक्सचा गाभा) आणि यूजरस्पेस (त्यावर चालणाऱ्या सेवा) यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. मोठ्या सर्व्हरमध्ये मेमरीची तयारी, रेड कार्डाचं (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचं) आणि नेटवर्क कार्डाचं स्वतःचं बूट-रॉम, हे सगळं लिनक्सचा पहिला बाइट चालण्याआधी उरकतं. तिथे गेलेला वेळ लिनक्सचा कुठलाही ड्रायव्हर काढून परत मिळणार नाही.

यूजरस्पेसचा आकडा फुगलेला असेल तर बहुतेक जण त्याच कमांडची ‘ब्लेम’ यादी (कुठल्या सेवेला किती वेळ लागला ती) उघडतात आणि सगळ्यात वरच्या नावावर खापर फोडतात. पण त्या यादीतल्या सेवा एकाच वेळी चालत असतात, आणि वरचं नाव कदाचित दुसऱ्याच कुणाची वाट बघत थांबलेलं असतं. त्याऐवजी ‘क्रिटिकल-चेन’, म्हणजे कोण कुणासाठी थांबलं त्याची साखळी, बघा; तिथे अडवणूक कुठे आहे ते कळतं. थांबण्याचा काळ जवळजवळ ९० सेकंद असेल तर एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कच्या यादीत) एखादी काढून टाकलेली डिस्क राहिली आहे का पाहा. १२० सेकंद असेल तर सिस्टमडी-नेटवर्कडी ही नेटवर्कची सेवा एखाद्या केबल नसलेल्या पोर्टची वाट बघत असण्याची शक्यता मोठी. या दोन्हींचा आयपीएमआयशी काही संबंध नाही.

कर्नेलचा आकडा मोठा असेल, किंवा यूजरस्पेसमधला उशीर वरच्या कारणांनी उलगडत नसेल, तरच ड्रायव्हरवर संशय घ्या. बूटच्या वेळी कर्नेलला ‘इनिटकॉल-डीबग’ हा पर्याय द्या; प्रत्येक ड्रायव्हरच्या सुरुवातीला किती मायक्रोसेकंद लागले ते लॉगमध्ये उमटतं. अंदाजाला जागाच राहत नाही.

आता ‘कुणालाच लागत नाहीत’ हे विधान. आयपीएमआय हे इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणलेलं मानक. त्याच्या केंद्रस्थानी बीएमसी नावाची चिप असते, म्हणजे मदरबोर्डवरचा एक वेगळा छोटा संगणकच. बीएमसीच्या नेटवर्क पोर्टवरून रिमोट कन्सोल उघडायला, पॉवर चालू-बंद करायला लिनक्समधला ड्रायव्हर लागत नाही. इथपर्यंत सल्ला देणारे बरोबर आहेत. पण सर्व्हरच्या आतून ‘आयपीएमआयटूल’ने पंखे, तापमान, पॉवर सप्लाय वाचायचे असतील तर ड्रायव्हर हवा. बीएमसीचा पासवर्ड हरवला आणि मशीन बंद न करता बदलायचा असेल तरी हवा. कर्नेल पॅनिकची (कर्नेल कोसळल्याची) नोंद बीएमसीच्या लॉगमध्ये राहावी, किंवा सिस्टम गोठल्यावर बीएमसीच्या वॉचडॉगने (प्रतिसाद थांबला की जागा होणाऱ्या टायमरने) ती आपोआप रीस्टार्ट करावी, अशी व्यवस्था लावली असेल तर ती ड्रायव्हर काढताच बंद पडते, आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात जास्त राहून जातो तो मुद्दा वेगळाच आहे. हा ड्रायव्हर बीएमसीशी बहुतेक वेळा केसीएस नावाच्या इंटरफेसवरून, एकेक बाइट करत बोलतो. ‘उत्तर तयार आहे’ असा इशारा देणारा इंटरप्ट नसेल तर कर्नेलचा ‘किपमी’ हा थ्रेड सारखा विचारत राहतो. समोरून उत्तर आलं नाही की ड्रायव्हर थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो. म्हणजे बीएमसी असलेल्या सर्व्हरवर इथे उशीर होत असेल तर आधी शंका बीएमसी अडकल्याची घ्यायला हवी. ड्रायव्हर काढला की ती खूण पुसली जाते आणि बीएमसी तशीच राहते. ज्या रात्री रिमोट कन्सोलची खरी गरज पडेल त्या रात्री ती उघडणार नाही. आधी नेटवर्कवरून बीएमसीला कोल्ड रीसेट (पूर्ण रीस्टार्ट) द्या. पंखे थोडा वेळ जोरात फिरतील, पण चालू लिनक्सला सहसा धक्का लागत नाही. फर्मवेअर जुनं असेल तर बदला. तरीही फरक नसेल तर सर्व्हर नीट बंद करून सगळ्या पॉवर केबल काही वेळ काढून ठेवा.

‘दोन ओळी लिहिल्या की झालं’ हेही अर्धवट. ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप होणारं लोडिंग अडवते. एखाद्या सेवेने मॉड्यूल (कर्नेलपासून वेगळा ठेवलेला ड्रायव्हर) नाव घेऊन मागितलं तर ते येतंच. इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइल-संचात) मॉड्यूल असेल तर ती प्रतिमा पुन्हा बांधावी लागते. आणि ड्रायव्हर कर्नेलमध्येच बांधलेला असेल तर ब्लॅकलिस्टचा उपयोग शून्य.

सल्ला खरोखर लागू पडतो तो एका ठिकाणी: बोर्डावर बीएमसी नाही, तरी फर्मवेअरच्या तक्त्यांत ती असल्याची नोंद आहे, आणि जी चिपच नाही तिला ड्रायव्हर शोधत बसतो. तिथेसुद्धा तो एसीपीआय किंवा डीएमआय या फर्मवेअरच्या तक्त्यांपैकी ज्यातून शोधतो, तेवढाच शोध कर्नेलच्या पर्यायाने बंद करा. मग तीच मोजणी पुन्हा करा, आणि आकडा हलला नसेल तर तो पर्याय काढून टाका.