सीमेवर नाका बसवून लाळ्या-खुरकूत का थांबत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

सीमेलगतच्या तालुक्यांत महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा यांनी एकाच पंधरवड्यात गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचावी आणि एकमेकांच्या नोंदी मानाव्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही देगलूरकडून कळवलंत की हे सगळं कागदावर ठीक आहे. रोग बाहेरच्या जनावरांबरोबर येतो, म्हणून नाके बसवा आणि बाहेरचं जनावर आत येऊच देऊ नका. कानातला बिल्ला म्हणजे शेतकऱ्यामागे लावलेला नवा ससेमिरा. आणि 2022 मध्ये बाजार बंद होते तेव्हा तुमची जोडी पडेल भावात गेली, त्याची झळ आम्हा लिहिणाऱ्यांना काय कळणार!

आधी या शेवटच्या मुद्द्याबद्दल, कारण त्यात तुमचं खरं आहे. लंपी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत सप्टेंबर 2022 मध्ये सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, बाजार आणि वाहतूक बंद झाली. मेलेल्या जनावरांसाठी मदत ठरली: दुधाळ गाईला 30 हजार, ओढकामाच्या बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. पण बैल जिवंत आहे, बाजार नाही आणि पैशाची नड आहे, अशा माणसाच्या हाती काहीच पडलं नाही. बाजार बंद करायचाच असेल तर त्या नुकसानीचा विचार त्याच आदेशात व्हायला हवा, आणि ते मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं असं नव्हे, ते सरकारने करायला हवं होतं.

पण बघा, बाजार बंद झाला म्हणून तुमची जोडी गोठ्यातच राहिली का? ती गेलीच. फक्त पावतीविना, हेड्याच्या, म्हणजे गुरांच्या दलालाच्या पिकअपमधून, त्याने सांगितलेल्या भावात. असं जनावर कुठून कुठे गेलं हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. उघड्या बाजारात निदान चार माणसं त्याच्या तोंडात बघतात. नाक्याचंही तेच होतं. बिलोलीजवळ मांजरेवरच्या पुलावर नाका बसवता येईल, पण शिवारातल्या गाडीवाटांवर कुठे कुठे बसवणार? आणि समजा नाक्यावर पशुवैद्यक उभा केला, तरी लाळ्या-खुरकुताची लागण झालेलं जनावर तोंडात फोड दिसायच्या आधीपासूनच विषाणू सोडत असतं. वरून ते ठणठणीत दिसतं, वैरण खातं. मी तिथे उभी असते तर मलाही ते ओळखता आलं नसतं. लंपी तर माश्या, डास, गोचिडांमार्फतही पसरतो.

दुसरं, बाहेरचं जनावर म्हणजे कोणाचं? उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि आज तेलंगणात असलेले मुधोळ-भैंसा नांदेडमध्ये. राज्यं बदलली, सोयरिकी आणि बाजार तेच राहिले. देवणी बैल तर लातूरइतकाच बीदरचाही आहे. हाळी हंडरगुळीच्या बाजारात तिकडचं गिऱ्हाईक आलं नाही तर आपल्याच माणसाचा भाव पडतो. आणि दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या कोल्हापूर-सांगलीबरोबर बेळगावकडच्या कारखान्यांवरही जातात. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बीडचा बैल बाहेरचा. त्याने तुमच्यासारखीच नाकाबंदी मागितली तर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन बसलेल्या कोयत्याने, म्हणजे ऊसतोड्या जोडप्याने, काय करायचं?

या ऊसतोडीच्या बैलांसाठीच मी हे इतकं लावून धरते आहे. फडावर वेगवेगळ्या तालुक्यांतले बैल शेजारी शेजारी बांधलेले असतात, एकाच हौदावर पाणी पितात. एकाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या आणि तो पाय झटकू लागला की दोन-चार दिवसांत ओळच्या ओळ बसते. मोठं जनावर यात सहसा मरत नाही, म्हणून लोक म्हणतात गेलं बरं होऊन. पण पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, घरी आलेला असा बैल चैत्रात बघा. ऐन उन्हाळ्यात अंगावर दाट, लांब केस, सावलीत बांधला तरी जीभ बाहेर आणि भाता चालल्यासारख्या धापा. औत ओढणं दूरच, पाण्यावर चालत जाऊन येतो तोवर थकतो. तो मेलेला नाही, म्हणून मदतीच्या यादीत नाही. लाखाच्या जोडीतला एक असा निकामी झाला की दुसराही विकावा लागतो.

या बैलांना लस मिळते, पण बऱ्याचदा गाड्या निघायच्या आदल्या आठवड्यात. लसीची ताकद अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे बैल फडावर पोचतो तो उघडाच. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या खोंडाला महिन्याने दुसरी मात्रा हवी, त्या वेळी तो कर्नाटकात असतो. तिथल्या दवाखान्याने ती द्यायची आणि नोंद इथे दिसायची, एवढंच माझं मागणं आहे. 2019 पासून लाळ्या-खुरकुताच्या लसीचा सगळा खर्च केंद्र सरकार करतं, लसही सगळीकडे तीच. अडतं ते तारखांवर आणि एकमेकांना फोन करण्यावर.

बिल्ल्याचंही इथेच काम आहे. बारा आकडी नंबर देशभर एकच, तो देगलूरला टोचला काय आणि बीदरला टोचला काय. आपल्याकडे 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीला मनाई आहे. पण मी पाहिलेल्या बाजारांत पावती फाडणारा बिल्ला आहे का एवढंच बघतो, लसीची तारीख कोणी उघडून बघत नाही. तसंच चालत राहिलं तर तुम्ही म्हणता तो ससेमिराच ठरेल. लस टोचलेल्या जनावराला रोगाच्या काळातही सीमा ओलांडता आली, तर हाच बिल्ला तुमचा परवाना होईल. नियंत्रित क्षेत्रातून लसीच्या दाखल्यावर जनावर नेण्याची सोय जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यात आहे. ती दोन्ही बाजूंनी वापरायची आहे.

हे जमत नाही असं म्हणू नका. बुळकांडी (रिंडरपेस्ट) हा गुरांचा जीवघेणा रोग आठवतो का? 1920 साली आपल्याकडून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी तिथे गेली. तेव्हा बाहेरची जनावरं आपली होती. त्या धक्क्यानंतर 1924 मध्ये 28 देशांनी मिळून पशुरोगांसाठी जागतिक संस्था उभी केली. आपल्या देशात 1954 पासून लसीकरणाची मोहीम चालली, शेवटचा प्रादुर्भाव 1995 चा, आणि 2011 मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. शेवटच्या टप्प्यात माणसं गावोगाव फिरून, गोठ्यात शिरून रोग शोधत होती आणि सापडला तर वर कळवत होती. अशी मोहीम एकट्या राज्याच्या आवाक्यातली नव्हती.

तुम्ही शेवटी विचारलंय की माळेगावच्या यात्रेत जोडी घ्यावी का. घ्या. बिल्ल्याचा नंबर दवाखान्यात दाखवून लसीची तारीख बघून घ्या. ओठ उचलून जीभ, हिरड्या बघा, खुरांच्या बेचक्यात बघा, बैल दहा पावलं चालवून बघा. घरी आणल्यावर निदान 28 दिवस वेगळ्या दावणीला बांधा, पाण्याची बादली वेगळी ठेवा, आणि त्याच्याकडचं शेण-वैरण घरच्या जनावरांचं उरकल्यावर करा. बिल्ल्यावरची मालकाची नोंद आपल्या नावावर करून घ्यायला मात्र विसरू नका. गावात रोग आला तर लसीसाठी तुमचा गोठा त्या नोंदीवरूनच शोधतील.