तूप थिजतं, पाणी गोठतं

संघनन, संप्लवन, बाष्पीभवन. सातवी-आठवीच्या पोरांकडून हे शब्द घोकून घेतले जातात आणि परीक्षा संपली की कुठला कशाला म्हणतात ते कुणालाच सांगता येत नाही. आपल्या बेळगाव भागात तर ही मेहनत दुप्पट वाया. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत. तिथं 'संप्लवन' कोण विचारतंय?

माझं म्हणणं इतकंच, की अवस्थांतर, म्हणजे घन, द्रव, वायू यांतली अदलाबदल, शिकवताना सुरुवात घरातल्या क्रियापदांपासून करा. पुस्तकी नावं नंतर येऊ देत.

थंडीत आपल्याकडं खोबरेल तेल थिजतं. साधारण 24 अंशांच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं आणि इथली डिसेंबरची सकाळ त्याहून बरीच गार असते. तूपही थिजतं. पाणी मात्र थिजत नाही, गोठतं. शुद्ध पाणी 0 अंशाला येऊन थांबतं आणि तिथंच बर्फ होतं. तुपात नाना तऱ्हेचे स्निग्ध घटक, कुणी आधी घट्ट होतो कुणी उशिरा, म्हणून बरणीत वर पातळ आणि खाली रवाळ असा प्रकार दिसतो. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं वगैरे मी म्हणणार नाही, पण मास्तरांना आयतं उदाहरण मिळतंय की नाही?

कन्नडात गोठण्याला 'हेप्पुगट्टु' म्हणतात. हेप्पु म्हणजे विरजण! शेजारच्या भाषेतला हा शब्द वर्गात सांगितला तर पोरं विसरणार नाहीत. उलट मेण वितळो वा साखर विरघळो, कन्नडात दोन्हीला 'करगु'च. आपल्याकडं त्याला दोन शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवायलाच हवेत, कारण वितळायला उष्णता लागते, विरघळायला दुसरा द्रव. अर्थात 'आइस्क्रीम विरघळलं' असं आपणही सर्रास म्हणतो, तेव्हा फार टिमकी वाजवायला नको.

खरी शाळा भरते ती निपाणी-संकेश्वरकडच्या गुऱ्हाळात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, त्यामुळं पुस्तकात 100 छापलं असलं तरी इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. आणि एकदा उकळी फुटली की कितीही जाळ घाला, पाण्याचं तापमान वर सरकत नाही. काहिलीतल्या, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईतल्या, उसाच्या रसाचं तसं नसतं. वर आलेली मळी काढून टाकली की रस आटू लागतो. पाणी उडून जाईल तसा साखरेचा अंश वाढतो आणि उकळण्याचं तापमानही चढत जातं. आधी बारीक फेस, मग जाड, जड बुडबुडे. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, दोन बोटांत वळून बघतो. गोळी वळली की काहील उतरवायची. तेव्हा पाक 115 ते 118 अंशांच्या घरात असतो, थर्मामीटर कुणाच्याच हातात नसतो. जरा उशीर झाला तर पाक करपलाच. 'उकळणे' आणि 'आटणे' यांतला फरक इथं उभ्या उभ्या समजतो.

आणखी एक. थिजलेलं तूप ऊन दाखवलं की पुन्हा पातळ. विरजलेलं दूध मात्र परत दूध होत नाही, नासलेलंही नाही. आपला कुंदाच घ्या. दूध आटवून, साखर घालून तांबूस होईपर्यंत परतायचं. आटणं ही पाणी जाण्याची गोष्ट, म्हणजे भौतिक बदल; तांबूस होणं हा रासायनिक बदल. एकाच कढईत धड्यातले दोन्ही प्रकार! प्रयोगशाळा नाही म्हणून रडणाऱ्या शाळांना एक शेगडी पुरते. (कुंदा उरणार नाही, हा भाग वेगळा.)

आता राहिलं संप्लवन. कापूर 'उडतो' असं आपण म्हणतो आणि उडू नये म्हणून डबीत मिरे टाकतो. मिऱ्यांनी काय होतं कोण जाणे, माझा भरवसा घट्ट झाकणावर. पण पोराला 'कापूर उडाला' हे आधी दाखवा, तो पातळ न होताच कसा गेला असं त्यालाच विचारा, आणि मग फळ्यावर संप्लवन लिहा. पुढं पीयूसीला इंग्रजी शब्द आला तरी त्याला तो कापूरच आठवेल.

खानापूर-चंदगडकडच्या मंडळींकडं असे आणखी शब्द असणार. खाली लिहा, एका विज्ञानाच्या मास्तरांना यादी द्यायची आहे.